पाहुण्याचे कान

आमच्या भाऊजींना कुठलीही गोष्ट आधी विचारून करायची सवयच नाही. नोकरी सोडली तेव्हा विचारलं नाही, ट्रक घेतला तेव्हा विचारलं नाही, मग कुत्र्याचं पिल्लू आणताना विचारतील अशी आशा मी तरी कशाला करावी? दुपारी मी मशीनवर पडद्याला दुमड घालत होते, तर भाऊजी दारात. हातात पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात काळं-तपकिरी पिल्लू आणि त्याच्या दोन्ही कानांना टाके. डोळे असे केविलवाणे, की तोंडात आलेलं अर्धं बोलणं मी गिळलं. उरलेलं अर्धं मात्र भाऊजींना ऐकवलं.

प्रकार असा होता. या जातीच्या कुत्र्याचे कान खरं तर लोंबते असतात. रुबाबदार दिसावेत म्हणून, ज्याच्याकडून पिल्लू घेतलं त्यानं ते आधीच कापून टोकदार करून ठेवले होते. पण नुसते कापले म्हणून कान उभे राहत नाहीत. जखम भरली की कानात आधार घालायचा, पट्ट्या बांधायच्या, त्या वरचेवर बदलायच्या, असं काही महिने कानांना उभं राहायला शिकवावं लागतं. भाऊजींचा ट्रक लांबच्या रस्त्यांवर फिरणारा, त्यांना हे जमणं शक्यच नव्हतं, म्हणून कान उभे राहीपर्यंत पिल्लू आमच्याकडे. मी म्हटलं, देवानं दिलेले चांगले कान कापायचे आणि ते पडतात म्हणून पिल्लू दुसऱ्याच्या दारात आणून टाकायचं, याला काय म्हणावं? भाऊजी माझ्याकडे बघतच नव्हते. ते खिडकीकडे बघत होते. खिडकीत आमचे हे बसले होते.

यांच्याबद्दल आता सांगायलाच हवं. खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड, नवं चामडं चढवण्यात यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मी खोळी शिवायची आणि यांनी त्या चढवायच्या, असा आमचा संसार. गेल्या वर्षी यांना झटका आला. उजवा हात गेला आणि परत आला, पण पहिल्यासारखा नाही आला. बोटांची टोकं बधिर राहिली. डॉक्टर म्हणाले, वापरा, जितका वापराल तितका सुधारेल. यांनी वापरला. पहिलंच काम एका जुन्या गिऱ्हाईकाच्या वडिलांच्या खुर्चीचं होतं. चामडं कापताना सुरी घसरली आणि मधोमध चीर गेली. गिऱ्हाईक भला माणूस, काही बोलला नाही, खुर्ची उचलून घेऊन गेला. त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी यांनी हत्यारांची पेटी बंद केली ती केलीच. मग सगळा दिवस खिडकी. जेवायला हाक मारली की यायचं, जेवायचं, परत खिडकी. पडदे आणि उशांच्या खोळी शिवून मी घर चालवत होते, त्याचं मला काही नव्हतं. पण ज्या माणसाच्या बडबडीनं जन्मभर माझं डोकं उठवलं, तो गप्प झाला याची मला धास्ती बसली होती. असाच बसून बसून हा माणूस एक दिवस माझ्या हातून जाईल असं वाटायचं. हे मी कुणाला बोलले नव्हते. पण भाऊजी दिसतात तितके वेंधळे नाहीत, हे मला त्या दुपारी कळलं.

भाऊजींनी खोकं खिडकीपाशी नेऊन ठेवलं. पिल्लू धडपडत बाहेर आलं, इकडेतिकडे हुंगलं आणि यांच्या पायाशीच जमीन ओली करून मोकळं झालं. मी फडकं आणायला वळले तेवढ्यात मागून आवाज आला.

“ठेव इथंच.”

किती दिवसांनी यांनी आपणहून काही म्हटलं होतं. मी फडकं घेऊन गुपचूप जमीन पुसली.

भाऊजींनी पिल्लाचं नाव काहीतरी भयंकर ठेवलं होतं, सिनेमातल्या खलनायकाला शोभेल असं. ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. मी त्याला पाहुणा म्हणू लागले, कारण पाहुण्याचे सगळे गुण त्याच्यात होते. आपल्याला हवं तेव्हा जेवायचं, हवं तिथे झोपायचं आणि दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपली समजायची. माझ्या दोन चपला आणि गादीभर फोम त्यानं आठवडाभरात फस्त केला.

टाके काढायला हे आणि भाऊजी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण बाई, पण जिभेला धार. आधी त्यांनी भाऊजींना कान कापण्यावरून झाडलं, मग यांना पट्टी कशी बांधायची ते दाखवलं. पट्टी आवळायची नाही, कान कोरडा ठेवायचा, रोज वास घेऊन बघायचा, काही वेगळं वाटलं तर लगेच यायचं. हे सगळं घरी येऊन मला यांनी सांगितलं. भाऊजी सांगणार होते, पण यांनी त्यांना मध्येच थांबवून स्वतः सांगितलं.

भाऊजी ट्रक घेऊन निघून गेले आणि घरात एक वेगळंच काम सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी दिलेला आधार यांना पसंत पडला नाही. हे म्हणाले, हा फार कडक आहे, पिल्लाला टोचतो. मग यांनी फोमची बारीक वळी कापली, तिच्यावर पट्टी उलटी गुंडाळली, म्हणजे चिकट बाजू बाहेर, आणि ती कानाच्या आत बसवली. बाहेरून पट्टीचे सैल वेढे. दोन्ही कान सरळ राहावेत म्हणून मध्ये एक आडवी पट्टी. पहिल्या वेळेला यांना अर्धी दुपार लागली. हात थरथरायचा, पट्टी पट्टीलाच चिकटायची, पाहुणा मान झटकायचा. मी मशीनवर मान खाली घालून बसले होते. शिवत काहीच नव्हते, नुसता पाय हलवत होते. मध्ये बोललं तर हे सगळं टाकून परत खिडकीत जाऊन बसतील असं मला वाटत होतं, म्हणून जिभेला लगाम घातला. माझ्यासाठी ते सोपं नाही.

हळूहळू हात बसला. वळी पहिल्याच खेपेला जागेवर जाऊ लागली. पट्ट्या बदलताना हे पाहुण्याशी बोलायचे. आता उजवा घेतो हं, झालंच, हलू नको गाढवा. नंतर नंतर त्याला जुन्या गिऱ्हाइकांचे किस्सेही सांगू लागले. मी ते सगळे शंभरदा ऐकलेले, तरी कान लावून ऐकायची. डावा कान तर लवकरच थोडा वेळ का होईना, आपला आपण उभा राहायला लागला.

उजव्यानं मात्र नाकी नऊ आणले. पाहुण्याला उजवी बाजू सोफ्याच्या पायावर घासायची खोड लागली. सकाळी बांधलेली पट्टी दुपारी लोंबत असायची. हे परत बांधायचे, तो परत घासायचा. एकदा मी पडदे पोचवायला बाहेर गेले होते. परत आले तर दारातच तो वास. सोल्युशनचा. फोमला कापड चिकटवायला आम्ही वापरतो तो डिंक, नाकात जाऊन बसणारा. एरवी या वासानं माझं डोकं दुखायचं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की काय सांगू. हत्यारांची पेटी उघडी होती, डबा बाहेर होता, हे हात पुसत होते. कशासाठी उघडली, हे मी विचारलंच नाही. वाटलं, एखादी खुर्ची घेतली असेल मनावर.

खुर्ची कुठली? यांनी ते पाहुण्याच्या कानाला लावलं होतं.

तेही अगदी कामाच्या रीतीनं. दोन्हीकडे पातळ हात द्यायचा, जरा सुकू द्यायचं आणि मग दाबायचं. असं चिकटवलेलं जन्मात सुटत नाही, हे यांच्याच तोंडचं वाक्य. कानाच्या बुडाशी एक थर, पट्टीला एक थर, आणि वर घट्ट वेढा. पट्टी अजिबात हलली नाही. पाहुण्यानं सोफ्याचा पाय घासून घासून पॉलिश काढलं, तरी पट्टी जागची हलली नाही. हे खूष होते. मीही खूष होते, कारण मला काही ठाऊकच नव्हतं.

दोनेक दिवसांनी पाहुणा मान एका बाजूला टाकून चालू लागला. घासणं थांबलं. ताटलीकडे बघेना. मी जवळ घेतलं तर कानाशी एक आंबूस, नकोसा वास आला आणि पट्टीच्या वर आलेलं कानाचं टोक फुगून जांभळट झालेलं. हात लावला तर गार. अंगभर ऊन असलेलं पिल्लू आणि कान तेवढा गार. यांना हाक मारली. यांनी बघितलं, पट्टीची कड बोटानं उचलायला गेले, आणि पाहुणा असा कळवळला की यांनी हात मागे घेतला. मग हे तिथेच जमिनीवर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली घालून दाबून धरले.

“माझ्या हातानं झालं,” हे म्हणाले. “आता मी कशालाच हात लावणार नाही.”

सोल्युशनचं मला तेव्हा सांगितलं. मला संताप आला, रडूही आलं, पण दोन्हीला वेळ नव्हता. पिल्लाला ओढणीत गुंडाळलं, यांना दंडाला धरून उठवलं आणि टॅक्सी थांबवली. टॅक्सीतही हे मांडीखाली हात घालूनच बसले. मी एका हातानं पाहुण्याला धरलं होतं आणि डोळ्यांनी यांना. खरं सांगायचं तर मला कानाची जितकी काळजी होती त्याहून जास्त यांची होती. पिल्लू एका कानावर जगतं. पण तो कान गेला असता तर हा माणूस त्या खिडकीतून परत उठला नसता.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर घेऊन बघितलं आणि वासावरूनच ओळखलं. हा दवाखान्यातला डिंक नाही, कुणी लावला? हे तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, मी लावला. माझी अक्कल गहाण पडली होती. सोफ्याचं काम करतो आम्ही, घरात होता, लावला. बाईंनी मला जे धुतलं, तसं माझ्या सासूनंही कधी धुतलं नव्हतं. म्हणाल्या, खुर्ची वाढत नाही हो, पिल्लू रोज वाढतंय. कान वाढणार आणि तुमची पट्टी वाढणार नाही, मग आत रक्त जाणार कुठून? मी खाली मान घालून ऐकून घेतलं. हे भिंतीशी उभे होते. मी तिकडे बघितलंच नाही.

त्यांनी आधी एक छोटी कात्री घालून बाहेरचा वेढा एका जागी कापला, म्हणजे ताण सुटला. पण खालचा थर कातडीला धरून बसला होता. तो ओढला तर कातडी सोलून येणार. त्याच्याखाली तेल सोडत सोडत, कणाकणानं तो सुटा करायचा, दुसरा उपाय नव्हता. पाहुण्याला थोडं गुंगीचं औषध दिलं आणि बाई सुरुवात करणार, तोच बाहेर गाडीखाली सापडलेलं कुत्रं घेऊन कोणीतरी धावत आलं. दवाखान्यात त्या आणि एकच मदतनीस. बाईंनी तेलाची वाटी माझ्यासमोर सरकवली. म्हणाल्या, तुम्हीच चिकटवलंय ना, सुरू करा, घाई करू नका, मी येतेच. आणि गेल्या.

घाई करू नका, हे मला सांगणं म्हणजे पाण्याला वाहू नको म्हणण्यासारखं आहे. मी तेल लावलं, कड धरली आणि जरा ओढली. गुंगीतसुद्धा पाहुणा किंचाळला. पट्टीच्या कडेला रक्ताचा थेंब दिसला. मी परत तेल लावलं, परत धरली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला कड दिसेना.

“सरक,” हे म्हणाले.

मी सरकले नाही, मला ऐकू आलंय यावर विश्वास बसायलाच वेळ लागला.

“सरक बाजूला. मी लावलंय, मीच काढणार.”

यांनी स्टूल ओढलं, बसले आणि डाव्या हातानं पट्टीची कड चिमटीत धरली. ओढली नाही. नुसती धरून ठेवली. उजव्या हाताचं बोट तेलात बुडवलं आणि कडेच्या खालची कातडी हळूच मागे सारली. राईएवढी. परत तेल, परत तेवढीच. जुन्या खुर्चीवरचं चामडं फाटू न देता काढायचं असलं की हे असंच करतात. चामडं ओढायचं नाही, चामडं धरून ठेवायचं आणि खालचं लाकूड त्याच्यापासून दूर करायचं. मी हे हजारदा बघितलंय आणि दरवेळी, किती वेळ लावता, म्हणून कटकट केलीय. आता तिथे उभं राहून मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. उजवा हात थरथरत होता, नाही असं नाही. पण थरथरला की हे थांबायचे, तो शांत होईपर्यंत वाट बघायचे आणि मग पुढे जायचे. पूर्वीच्या हातानं यांनी एवढी वाट बघितली नसती.

बाई मध्ये एकदा डोकावल्या, माझ्या जागी यांना बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत गेल्या. पाहुणा यांच्या मनगटाला नाक लावून पडला होता. खूप वेळानं पट्टीचा शेवटचा कोपरा आपोआप यांच्या चिमटीत आला. खालची कातडी लालभडक, ओली, एका ठिकाणी माझ्या प्रतापानं सोललेली. पण बाकी सगळी शाबूत. टोक मात्र अजून जांभळंच.

बाई आल्या. कान धुतला, औषध लावलं आणि म्हणाल्या, आता थांबायचं. रक्त परत फिरलं तर कान वाचला. मी विचारलं, आणि नाही फिरलं तर? त्या हात धुवायला वळल्या. आम्ही दोघं बाकावर बसलो, पाहुणा यांच्या मांडीवर. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला त्या बाकावर कळलं. कोपऱ्यातला पंखा करकरत होता, बाहेर माणसं येत होती, जात होती. मी मनातल्या मनात भाऊजींना, कान कापणाऱ्याला, सोल्युशन बनवणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घालून घेतल्या.

मग यांनी उजव्या हाताची दोन बोटं कानाच्या टोकाला लावली आणि तशीच ठेवली.

“गरम आहे,” हे म्हणाले.

मला वाटलं, आस लागलेला माणूस, काहीही म्हणेल. यांच्या त्या बोटांना चहाचा पेलासुद्धा कळायचा नाही. मी हात लावला. खरंच ऊन लागत होतं. बाईंना हाक मारली. त्यांनी टोक दाबून सोडलं, पांढरं झालेलं टोक हळूहळू गुलाबी झालं, आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी बाकावर बसून लहान पोरीसारखी रडले. हेही रडत होते, पण यांच्या तोंडावर हसू होतं. बधिर बोटांना ऊब कळली होती, हे यांना बोलून दाखवायचं होतं आणि शब्द फुटत नव्हते. मी म्हटलं, कळलं मला, गप्प बसा आता. मग माझं मलाच हसू आलं.

निघताना बाईंनी बजावलं की जखम भरेपर्यंत त्या कानाला काहीही बांधायचं नाही. तोवर तो पडेल, पुढे उभा राहील याची खात्री नाही. आणि मला म्हणाल्या, पुढच्या वेळी दुसऱ्याची चूक अंगावर घेऊ नका, मला औषध खऱ्या माणसाला समजावून सांगायचं असतं. यांनी मान हलवून सगळं समजून घेतलं.

जखम भरली. डावा कान ताठ उभा, उजवा मधूनच मोडून डोळ्यावर आलेला. डावा हे पहिल्यासारखाच बांधत होते, सैल, नुसत्या पट्टीनं. खिडकीतली खुर्ची रिकामी राहू लागली, पण पेटी उघडून एखादं काम घ्या, असं म्हणायचा धीर मला होत नव्हता. चाललंय तेवढं चालू दे म्हणत होते.

आणि एका सकाळी भाऊजी आले. पाहुण्याला न्यायलाच आले होते, हातात नवीकोरी साखळी. पाहुणा धावत आला, भाऊजींनी त्याचे कान बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. मी पुढे झाले. काहीतरी थाप मारणारच होते, म्हणजे पिल्लू पडलं, लागलं, असं काहीतरी. पण हे आधी बोलले.

“उजवा कान माझ्यामुळे पडलाय. सोल्युशन लावलं होतं मी.”

सरळ, भावाच्या डोळ्यांत बघून. त्या खुर्चीच्या वेळी गिऱ्हाइकासमोर मान वर झाली नव्हती यांची. भाऊजी गडबडले. यांच्या खांद्यावर हात ठेवून, आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, असू दे दादा, एवढं काय त्यात, तू केलंस हेच पुष्कळ, नेतो मी त्याला असाच.

हे चिडले. खरोखरच चिडले. वर्षभरात मी यांना चिडलेलं बघितलं नव्हतं. खांद्यावरचा हात बाजूला केला.

“असाच नेतो म्हणजे? अर्धं काम मी आजपर्यंत कुणाला दिलेलं नाही. दात बदलताना कान ढिले पडतात, ते बदलू दे त्याचे, मग कान उभा करून देतो. नाहीच राहिला तर त्या बाईंना विचारून दुसरं काही करतो. तोवर तो इथून हलणार नाही.”

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. त्यांचे डोळे भरले होते आणि माझे तर वाहतच होते. पण कुणीतरी नेहमीसारखं बोलायला हवं होतं.

“ऐकलंत ना भाऊजी,” मी म्हटलं, “ठेवा ती साखळी खाली. आणि जेवून जा.”